कुंदा, यंदाची बारा एप्रिल झाली

कुंदा, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्यावर चिडून बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, हे मला कळतं. बोलेन, त्याला वेळ आहे. आधी हे ऐक की बारा एप्रिलला आपल्या कॉलनीत तुझा कार्यक्रम झाला. तुझा माइक माझ्या हातात आला आणि खाटेवर पायलट म्हणून तुझा नवरा बसला. हो, मनोहरभाऊजी. इतक्या वर्षांत ज्या माणसाने खुर्च्या मांडण्यापलीकडे तुझ्या त्या अंतराळाशी संबंध ठेवला नाही, तेच भाऊजी.

"काय सांगून राहिली वं!" असं म्हणून तू हातातलं काम टाकलं असतंस आणि माझ्या ओट्यावर येऊन बसली असतीस. मग मी मुद्दाम चहा ठेवायला आत गेले असते आणि तुला ताटकळत ठेवलं असतं. आज मांडववाले बांबू सोडायला आले आहेत, त्यांची ठोकाठोक चालू आहे आणि मी ओट्यावर एकटी बसून हे लिहिते आहे. तुला सगळं पहिल्यापासून माहीत आहे. तरी मी पहिल्यापासूनच सांगणार, कारण मागचा धडा उजळल्याशिवाय पुढचा सुरू करायची मला सवय नाही.

आपण दोघी नागपूरहून उमरेडच्या शाळेत एसटीने जायचो. तू विज्ञान शिकवायचीस, मी मराठी. सकाळची बस, खिडकी कायम तुझी. तुला बाहेर बघायचं असायचं आणि मला तुझ्याकडे बघून बोलायचं असायचं. एवढ्या वर्षांत तू मला एकदाही खिडकी दिली नाहीस, ही तक्रार मी मागे घेतलेली नाही.

परीक्षेच्या आधीच्या त्या सुस्त दिवसांत एकदा तू आठवीच्या वर्गात एका मुलाला टेबलावर बसवलंस आणि जाहीर केलंस की आता याचे पाय जमिनीला लागणार नाहीत. पृथ्वीबाहेर गेलेला पहिला माणूस आजच्याच तारखेला गेला होता. रशियातल्या एका सुताराचा मुलगा. पृथ्वीभोवती एक चक्कर मारून एकशे आठ मिनिटांत खाली आला. म्हणून हा आपला मुलगाही तेवढा वेळ वर राहील. एकशे आठ मिनिटं म्हणजे शाळेच्या वेळापत्रकातले जवळजवळ तीन तास गेले, आणि त्यातला मधला तास माझा, मराठीचा होता. मी खडू घेऊन दाराशी आले तर तू हात वर करून मला थांबवलंस. "शालू, आता नाई. आफ्रिकेवर आहे तो."

त्याच वेळी दारात माझ्या बाजूला एक बाई उभी होती. मुलाचा विसरलेला डबा द्यायला आलेली, नवरा कोळशाच्या खाणीत पहिल्या पाळीला. तिने तुझं सगळं ऐकून घेतलं, रॉकेट, इंजिन, आवाज, आग. मग पदर सावरून म्हणाली, "बाई, गेला थे समजलं. पण वापस आला का?"

तू तिला सांगितलंस की आला. एका शेतात उतरला. तिथे एक म्हातारी आणि तिची नात बटाटे लावत होत्या, त्या त्याचा नारिंगी पोशाख बघून घाबरून पळायला लागल्या, तेव्हा त्याने ओरडून सांगितलं की घाबरू नका, मी तुमच्यातलाच आहे. त्या बाईने सुस्कारा सोडला. "मंग ठीक हाय," म्हणाली, डबा टेबलावर ठेवला आणि गेली. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही अशा परक्या मुलुखातल्या पोरासाठी तिचा जीव एवढा वेळ टांगणीला लागला होता. मी त्या दिवसापासून त्या बाईच्या बाजूची झाले.

परतीच्या बसमध्ये आपला वाद सुरू झाला तो पुढे कधी संपलाच नाही. तुझं म्हणणं, दिवस साजरा करायचा तो त्याच्या जाण्याचा. त्याच्याआधी कोणी गेलंच नव्हतं, काय होईल ते माहीत नव्हतं आणि तरी तो आत जाऊन बसला, ही खरी गोष्ट. माझं म्हणणं, तो परत आला म्हणून दिवस साजरा करायचा. नाहीतर आपण काय साजरं केलं असतं? तू म्हणालीस, "वापस तर फेकलेला दगड बी येते वं." मी म्हणाले, "दगडाची कोणी वाट पाहत नाही." चांपा मागे पडलं, पाचगाव आलं, दिघोरी येईपर्यंत आपण दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बसमध्ये चढलीस ती नवा मुद्दा घेऊनच.

निवृत्त झालीस आणि मला वाटलं सुटले. कशाची सुटते! तू ते वेड कॉलनीत आणलंस. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी आपल्या चौकात दोन-तीन दिवस आधीच मंडप पडतो, दिव्यांच्या माळा लागतात, साउंडवाले येतात. तुझे सासरे छप्पन साली दीक्षा घ्यायला त्या गर्दीत उभे होते, त्यामुळे तुझ्या घराला त्या मंडपात पहिल्या खुर्चीचा मान. तू समितीच्या लोकांना गाठलंस आणि म्हणालीस, बाराला मंडप रिकामाच असतो, मला द्या. ते बिचारे लहानपणी तुझ्या घरी शिकवणीला येणारे. "घ्या न मॅडम," म्हणाले. आपण कशाला हो म्हणून राहिलो, हे त्यांना संध्याकाळी कळलं.

तुझे नियम तूच केलेस. मंडपाच्या मधोमध खाट. चिठ्ठी उचलून ज्याचं नाव निघेल तो पायलट, त्याने खाटेवर बसायचं, एकशे आठ मिनिटं पाय खाली टेकवायचे नाहीत. बाकी सगळ्या कॉलनीने त्याची सरबराई करायची. खाटेच्या मागे कूलर, नव्या खसचा. उड्डाण झालं की तो फुल्लवर सोडायचा, म्हणजे इंजिनाचा आवाजही झाला आणि एप्रिलच्या उकाड्यात पायलटला वाराही लागला. सुरुवात आणि शेवट कुकरच्या शिटीने. कुकर तुझ्या घरातला, आत तुरीची डाळ, म्हणजे गॅस वाया गेला असं भाऊजी म्हणायला नकोत.

पहिल्या वर्षी चिठ्ठी कोपऱ्यावरच्या टेलरची निघाली. तो बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर ताठ बसला. आपण सगळे तुझ्या स्वयंपाकघराकडे कान लावून उभे. शिटी होईचना. पाच मिनिटं गेली, दहा गेली, डाळीचा वास चौकापर्यंत आला पण शिटी नाही. तो हळूच म्हणाला, "मॅडम, गेलो का मी?" तू पळत आत गेलीस तर कुकरची रिंग मोरीच्या कट्ट्यावर सुकत पडलेली. तेवढ्यात साउंडवाल्यांनी आवाज बघायला म्हणून जयंतीचं गाणं मोठ्याने लावलं, लोकांना वाटलं झालं उड्डाण, आणि सगळे नाचायला लागले. तू हातात रिंग घेऊन दारात उभी. आधी तुझा चेहरा असा, की आता कोणाची तरी खैर नाही. मग तूच हसत सुटलीस, रिंग हातात नाचवत मंडपात आलीस आणि माइकवर म्हणालीस, "ठीक आहे, आता गेला." त्या दिवशी तू इतकी नाचलीस की दुसऱ्या दिवशी गुडघ्याला शेक घेत बसलीस.

खाण्यावरून आपली भांडणं वेगळीच. वर गेल्यावर कण सांडले की तरंगत नाकातोंडात जातात, म्हणून तुझ्या कार्यक्रमात कण पडेल असं काही चालणार नाही. मी म्हणाले, नागपुरात चार माणसं जमली आणि तर्री पोहे नाहीत, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तू म्हणालीस, पोहे म्हणजे नुसते कणच. सांबारवडीवरून तर तू न्यायाधीशच झालीस. आतलं कोथिंबिरीचं सारण चालेल, वरचं आवरण खाताना चुरा होतो, म्हणून वडी अख्खी तोंडात टाकायची. शेजारच्या यमुनाआजींनी खरोखर अख्खी टाकली आणि त्यांची कवळी अडकली. शेवटी पायलटला संत्रा बर्फी आणि बाकीच्यांना पोहे असा तह झाला. तह माझ्या बाजूने झाला, हे तू कधी मान्य केलं नाहीस.

आणि तुझा आवाज, कुंदा. तू म्हणजे कंट्रोल. पायलटशी फक्त तूच बोलायचीस, बाकीच्यांनी ऐकायचं. "आता समुद्रावर आलास गा, निळंच निळं आहे, भिऊ नको. आता अंधार पडून राहिला. आता उजाडते, थांब." आणि मधूनच जगाची चक्कर सोडून नागपूरवर यायचीस, बुटीबोरीची धुराडी, महालातल्या गल्ल्या, उमरेडच्या खाणीचा तो काळा खड्डा वरून कसा दिसत असेल ते सांगायचीस. तू कधी गेली नव्हतीस वर, विमानातही एकदाच बसली होतीस, मुलाकडे बंगळूरला जाताना. पण तू बोलायला लागलीस की खाटेवरचं माणूस खरंच खाली वाकून बघायचं.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. मला त्या अंतराळाचं काडीचंही कौतुक नव्हतं. ग्रह कुठला आणि तारा कुठला, हे मला अजून ओळखता येत नाही. मी यायचे ती तुझ्यासाठी. तुझा तो चेहरा बघायला, शिटी व्हायच्या आधीचा, ओठ घट्ट मिटलेला, साठीला आलेल्या बाईच्या तोंडावर चौथीतल्या मुलीचे डोळे. तू विचारलंस, "आवडलं का वं?" की मी म्हणायचे, "ठीक होतं." आवडायचं, कुंदा. तू आवडायचीस. हे वाक्य तोंडावर बोलायची आपल्या पिढीला सवय नाही, म्हणून ते इथे येऊन पडलं.

सासूबाई अंथरुणाला होत्या ते वर्ष तुला आठवतं. मी शाळेतून सुटले होते पण घरात चोवीस तासांची पाळी लागली होती. त्यांचं करायचं, घरातलं करायचं, आणि कोणी विचारलं तर बरं चाललंय म्हणायचं. त्या वर्षी चिठ्ठी माझी निघाली. मी नको नको म्हणाले, तू ऐकलं नाहीस. यमुनाआजी सासूबाईंपाशी बसल्या आणि मला तू खाटेवर चढवलंस. पाय वर, पाठीला उशी, मागून कूलरचा गार वारा, कोणी बर्फी आणून देतंय, कोणी पाणी. वर्षभरात पहिल्यांदा मला कोणी काही मागत नव्हतं. आणि तू त्या वेळी ना समुद्र सांगितलास, ना डोंगर. माइकवर एवढंच म्हणालीस, "शालिनी, खाली सगळं ठीक आहे. तू खाली पाहू नको." मग तू बराच वेळ गप्प राहिलीस आणि मी तशीच बसल्या बसल्या झोपले. सगळ्या चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं, हे मला मंडप उतरवताना कळलं. त्याबद्दल मी तुला चार शब्द सुनावले होते. आभार मानले नव्हते. आता मानते.

मागच्या वर्षी आपल्या देशाचा माणूस त्या वरच्या स्थानकावर गेला. निघाला तेव्हा तू टीव्हीसमोर उभी होतीस, बस म्हटलं तरी बसेनास, आणि वर पोचल्याची बातमी आली तेव्हा तू पदराने डोळे पुसत मला कोपराने ढोसत होतीस. तो परत उतरला त्या दुपारीही मी तुझ्याकडेच होते. टीव्हीवर ते यान छत्र्यांना लटकून समुद्रात पडलं, मी आणि भाऊजी श्वास रोखून बघत होतो आणि तू सोफ्यावर चक्क घोरत होतीस. मी तुला हलवून उठवलं. "उतरला का?" म्हणालीस, "मले माहीत होतं उतरन म्हणून," आणि कुशीवर वळलीस. भाऊजी माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "ताई, हिले निघाच्या गाडीचीच हौस. मी बुटीबोरीहून रात्री घरी येवो तेव्हाबी ही झोपलेलीच राहे." आपल्या वादात ते कोणाच्या बाजूचे होते, ते मला त्या दिवशी कळलं.

मग फेब्रुवारीत तुझं पोट दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला बोलावलं. पुढचं तुला मी काय सांगू. इस्पितळात एकदा तुला बरं वाटत होतं तेव्हा तू विचारलंस, "यंदा पायलट कोण?" मी म्हणाले, तूच. तू मान हलवलीस. "मी नाई वं. मी गेली तं बोलन कोण?" मी म्हणाले, मी बोलेन. तेव्हा तू इतकी हसलीस की नर्स बघायला आली. "तू बोलली तं थो बिचारा मंगळावर जाऊन पडन." मी रागावल्याचं नाटक केलं. मला त्या वेळी तुझा हात धरायचा होता, पण हाताला सुई होती, आणि मी पांघरूण नीट करत राहिले. त्यानंतर तू माझ्याशी नीट बोललीस असं झालं नाही.

तुझा मुलगा पंधरा दिवस राहिला. वडिलांना बंगळूरला घेऊन जातो म्हणाला, भाऊजी हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. तो गेला आणि भाऊजींनी दार लावून घेतलं. दुधाची पिशवी दुपारपर्यंत फाटकाला लटकलेली. संध्याकाळी ते दिवा लावत नव्हते. मी डबा नेऊन द्यायचे, ते दारातच घ्यायचे, "बरं" म्हणायचे आणि दार लावायचे. बुटीबोरीच्या एवढ्या मोठ्या गिरणीच्या आवाजात आयुष्य काढलेला माणूस, त्याच्या घरातून आता भांड्याचासुद्धा आवाज येत नव्हता. कुंदा, मला भीती वाटायला लागली होती. तू गेलीस ते गेलीस, आता तुझ्या मागे हेही निघाले, आणि आम्ही नुसते खिडकीतून बघतोय, असं वाटायचं.

समितीची पोरं मला विचारायला आली. "मॅडम, यंदा बाराचं राहू द्याचं का?" मी आधी राहू द्या म्हणाले. सुतक नसलं तरी मन नको म्हणत होतं. मग रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांना निरोप पाठवला की होईल. कारण भाऊजींना घराबाहेर काढायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. खाट तुमच्याच घरातली होती, ती मागायला गेले. भाऊजी म्हणाले, "घेऊन जा." मी म्हणाले, एकटीने कशी नेऊ? मग आत जाऊन त्यांनी चपला घातल्या.

खाट आणली, मांडली, चारी पाय हलवून बघितले. मग सवयीने खुर्च्या लावायला लागले, ओळीत, तुला लागतात तशा. तेवढ्यात मी चिठ्ठी उचलायला लावली आणि त्यांचं नाव वाचलं. खुर्ची हातात तशीच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे तुमचं काम आहे."

"चिठ्ठीत निघालं भाऊजी, मी काय करू?"

"सगळ्या चिठ्ठ्या दाखवा बरं."

मी दाखवल्या नाहीत. भाऊजींनी खुर्ची खाली ठेवली, चपला काढून खाटेखाली सारख्या लावल्या आणि वर बसले. तुझ्या घरात तुझा कुकर कोणी लावायचा हा प्रश्नच नव्हता, यमुनाआजी आत होत्याच. शिटी झाली, कूलर सुटला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इथे मी तुझ्यावर चिडले. मला समुद्रांची नावं येत नाहीत, कुंदा. आफ्रिका आधी येते का नंतर, तेही माहीत नाही. तू कधी लिहून ठेवलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. माइक हातात, आणि भाऊजी खाटेवर मांडीवर हात ठेवून खाली बघत बसलेले. मग मला जो एकच रस्ता पाठ आहे तो मी सांगायला लागले. म्हणाले, "भाऊजी, खाली आता दिघोरी आहे. सकाळची उमरेडची एसटी निघाली. खिडकीशी तुमची बायको बसली आहे, तिच्या बाजूला मी. ती मला खिडकी देत नाहीये."

त्यांनी मान वर केली.

मग मला काही आठवावं लागलं नाही, कुंदा. विहीरगावला तू रोज उतरून भजी घ्यायचीस आणि मला म्हणायचीस, हे घरी सांगू नको. ते सांगितलं. पाचगावला बस बिघडली तेव्हा तू ड्रायव्हरला इंजिन शिकवायला गेलीस आणि हात काळे करून परत आलीस. चांप्याच्या थोडं पुढे तुला नेहमी झोप लागायची आणि तू माझ्या खांद्यावर डोकं टाकायचीस, माझा खांदा अवघडायचा पण मी हलायचे नाही. पहिल्या पगाराच्या दिवशी तू भाऊजींसाठी घड्याळ घेतलंस आणि बसमध्ये मला दहा वेळा उघडून दाखवलंस. ज्या दिवशी तुझं त्यांच्याशी भांडण झालेलं असायचं त्या दिवशी तू उमरेडपर्यंत त्यांना नावं ठेवायचीस आणि परतताना, चांपा सोडलं की, म्हणायचीस, तसा चांगला आहे थो. भाऊजी हसले. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि हसतही राहिले. या माणसाने तुझ्याबरोबर आयुष्य काढलं, पण रोजच्या त्या दोन-दोन तासांची तू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. साउंडवालाही खाली बसून ऐकत होता.

दुसरी शिटी झाली. कूलर बंद केला आणि एकदम शांत झालं. वेळ झाली होती. यमुनाआजी पाण्याचा ग्लास घेऊन खाटेपाशी आल्या, उतरणाऱ्याला पाणी देणारी म्हातारी दर वर्षी त्याच. आता भाऊजींनी पाय खाली ठेवायचे.

ते ठेवेनात. लोक थोडा वेळ हसले, मग थांबले. भाऊजींनी गुडघे जवळ घेतले, दोन्ही हातांनी पाय धरून ठेवले आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "थोडं थांबा न, शालूताई. घरी कोणी नाई."

मी खोटं कशाला सांगू, मला वाटलं राहू द्यावं त्यांना वर. मला पुन्हा दिघोरीपासून सुरू करता आलं असतं. अजून पुष्कळ होतं सांगण्यासारखं, आणि मलाही तुला सोडून तिथून उतरायचं नव्हतं. सगळ्या चौकाला तेच हवं होतं, मला दिसत होतं. तू असतीस तर काय केलं असतंस, हा विचार मी केला आणि मग तो बाजूला ठेवला, कारण तू नव्हतीस. मी होते.

माइक तोंडाशी होता हे विसरून मी म्हणाले, "मग घरी जाऊ नका. आमच्याकडे जेवायला चला. वांग्याची भाजी केली आहे."

ते सगळ्या कॉलनीला ऐकू गेलं. भाऊजींनी एक पाय खाली ठेवला. बऱ्याच वेळाने दुसरा. आजींनी ग्लास पुढे केला, "पी बाप्पा," म्हणाल्या, आणि ते पाणी प्यायले. मग खाली वाकून त्यांनी चपला चाचपल्या, घातल्या, आणि खुर्च्या उचलायला लागले.

तेव्हापासून रोज रात्री आमच्याकडे जेवतात. आमचे हे आणि ते दोघं मिळून माझ्या भाजीला नावं ठेवतात, कुंदाच्या हातची चव नाही म्हणतात, मी ऐकून घेते. काल जयंतीला चौकात पाणी वाटायला उभे होते, पांढरा शर्ट घालून, तुझ्या मुलाने व्हिडिओवर पाहिलं आणि तो फोनवर रडला. बंगळूरचं पावसाळ्यानंतर बघू म्हणतात. घरातला दिवा संध्याकाळी लागतो.

बाराच्या रात्री भाऊजी जेवून उठले, मी ताटं उचलली, आणि एकदम माझ्या मनात आलं की वाद मी जिंकले. इतक्या वर्षांचा वाद. माणूस उतरला, पाणी प्याला, जेवला, ही खरी गोष्ट, आणि आता तुला काही बोलायला जागा नाही. मला इतका आनंद झाला की मी हात न पुसताच बाहेर पडले, रस्ता ओलांडला, "कुंदे" अशी हाकही मारली, आणि तुझ्या फाटकाची कडी काढल्यावर मला आठवलं.